चंद्रावरची वांगी जतच्या वाऱ्यात

सकाळी काचेच्या पेटीतून काढून वाफ्यात लावली तेव्हा ताठ उभी असलेली रोपं दुपारपर्यंत आडवी कशी होतात? कृत्तिका वाफ्याशेजारी बसून विचार करत होती. निम्मी रोपं गेलीच होती. उरलेल्यांनी माना टाकल्या होत्या आणि पानांवर पांढरे चट्टे उठले होते.

ही वांगी साधीसुधी नव्हती. त्यांचं बी चंद्रवस्तीतून आलं होतं, कृत्तिकाच्या आईनं तिथं वाढवलेल्या झाडांचं. कृत्तिकाही तिथंच वाढलेली. गेल्या वर्षी ती जतला मंगलआत्याकडे राहायला आली. आई मात्र यायला घाबरत होती. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकंच. तिथं मुरलेलं आपलं शरीर इथं तग धरणार नाही, असं तिनं डोक्यात घेतलं होतं. कृत्तिकाही हट्टाला पेटली होती. आईची वांगी इथल्या मातीत जगवून दाखवायचीच, मग ती कशी येत नाही ते बघू.

तिनं पुन्हा झारी उचलली. आत्यानं तिचा हात धरला. आत्या वनस्पतींच्या आजारांची तज्ज्ञ.

"अगं, किती पाजशील?"

"माना टाकल्या म्हणजे तहान लागली. वस्तीत सगळे हेच करतात."

तिथं ते खरंही होतं. पाणी मोजूनमापून मिळे, त्यामुळे रोप सुकण्याचं कारण बहुधा तेवढंच असे.

"मातीत बोट घाल बघू."

बोट थेट चिखलात रुतलं. कृत्तिका ओशाळली.

आत्यानं तिच्या हातावर दोन पानं ठेवली, एक तिच्या रोपाचं, दुसरं कुंपणाजवळच्या वांग्याचं. पहिलं लिबलिबीत होतं, दुसरं जाड आणि खरखरीत.

"पानाला बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं (हवा घेण्याच्या आणि वाफ सोडण्याच्या खिडक्या)," आत्या म्हणाली. "तुझ्या काचेच्या पेटीत हवा दमट, वारा नाही. तिथं खिडक्या सताड उघड्या राहिल्या तरी चालत होतं. पानावरचा मेणाचा थरही पातळच राहिला. बाहेर आल्यावर वाऱ्यानं भराभर पाणी ओढलं, मुळांना तेवढं पुरवता येईना. त्यात तू चिखल केलास, मग मुळांना हवाही मिळेना."

"आणि हे चट्टे?"

"उन्हानं भाजलेत. पेटीतला दिवा वेगळा आणि जतचं ऊन वेगळं. उरलेली पेटीत परत ठेवूया, निदान जगतील तरी."

"पेटीत नको," कृत्तिका ठामपणे म्हणाली. "मी आले तेव्हा तू मला पहिल्याच दिवशी चालायला लावलंस का? आधी नुसतं बसवलंस. मग भिंतीला धरून उभं केलंस."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "याला रोपं काटक करणं म्हणतात. बाहेरच्या हवेची थोडी थोडी सवय लावायची. चिकाटी आहे ना तेवढी?"

चिकाटी होती. रोपं कुंड्यांत गेली. आधी सकाळी थोडा वेळ निंबाच्या सावलीत, मग कोवळ्या उन्हात, मग आणखी जरा जास्त. बोटाला माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. वारा सुटला की कृत्तिकाचा जीव वरखाली होई, पण हललं तरच खोड जाड होतं, हे आता तिला कळलं होतं. आणखी एक रोप गेलंच. त्या दिवशी ती पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी कुंड्या पुन्हा बाहेर आणल्या.

भाजलेली पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत. शेंड्याला नवी आली, जाड आणि खरखरीत. मग रोपं वाफ्यात लागली आणि जतच्या भणाण वाऱ्यात नुसती डुलत राहिली.

कृत्तिकानं पडद्यावर ती आईला दाखवली. सगळी हकिगत सांगितली, आपला चिखलसुद्धा. आई पडद्याजवळ सरकून नवी पानं निरखू लागली.

"पुढच्या यानात नाव घालते माझं," ती अखेर म्हणाली. "पण आल्याआल्या मला उन्हात उभं करू नकोस हं."

"नाही गं. आधी निंबाखाली खाट टाकीन," कृत्तिका म्हणाली, आणि डोळे पुसत खाट कुठं बसेल ते बघायला निघाली.