दुसरी प्रत

दवाखान्याची लिफ्ट बंद पडली नसती, तर तो माझ्या टेबलाशी थांबलाच नसता.

लस टोचण्याच्या खोलीबाहेर माझं टेबल होतं. येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला मी एक पुस्तक फुकट द्यायचे. अट एकच — बरोबर आई, बाबा, मामा, जे कोणी असेल त्यानं मुलाला मांडीवर घेऊन पहिलं पान तिथंच मोठ्यानं वाचायचं. मोठी माणसं आधी लाजायची. मग मूल म्हणायचं, "पुन्हा." तेवढा शब्द ऐकला, की हे पुस्तक त्या घरात रुळणार याची मला खात्री पटायची.

संध्याकाळी घरी जाऊन मी कुलूप उघडायचे, रेडिओ लावायचे. दिवसभर इतक्या गोष्टी कानांवर पडायच्या... त्यातली एकही माझ्यासाठी नसायची.

"एक पुस्तक मिळेल?" ग्रीसनं काळे झालेले हात पाठीमागे लपवत लिफ्टवाल्यानं विचारलं.

"मूल कुठाय?"

"लेक आजीकडे असते, दुसऱ्या गावी. तिची आई गेल्यापासून तिथंच असते. मी रोज फोनवर गोष्ट वाचतो. म्हणजे... वाचल्यासारखं करतो. हेच पुस्तक तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही."

"मग?"

"काल मी हत्तीला नदीत उतरवलं. तिच्या पानावर तो झाडाखाली झोपलेला. खूप रडली हो. म्हणाली, बाबा, तुम्ही खोटं वाचता."

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. मी टेबलावरची नमुन्याची प्रत त्याच्यापुढे सरकवली.

"अट ठाऊक आहे ना? पहिलं पान, मोठ्यानं."

"मांडीवर कोणाला घेऊ?"

"समोरच्या खुर्चीला वाचून दाखवा."

"रिकामी खुर्ची काय ऐकणार? तुम्ही बसा की."

मी बसले. तो यंत्रावरच्या सूचना वाचाव्यात तसं वाचू लागला, "हत्ती. झाडाखाली. झोपला."

"अहो, हत्ती झोपलाय. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला नाही."

आता मात्र तो हसला. पान संपल्यावर सवयीनं म्हणाला, "पान उलट," आणि जीभ चावली. "उलटा... म्हणायचं होतं."

त्यानंतर ती लिफ्ट सारखीच तपासावी लागू लागली. फोनवर वाचायचं पान तो आधी माझ्यासमोर घोटून घ्यायचा. त्याचा हत्ती हळूहळू माणसात आला. घोरू लागला, रुसू लागला.

"लिफ्टला तुझी दृष्ट लागली का गं?" नर्स विचारायची. मी पुस्तकांत डोकं खुपसायचे.

एके दिवशी तो आला, तेव्हा त्याचे हात स्वच्छ होते.

"बदली झाली," तो म्हणाला. "लेकीच्याच गावी."

"छान झालं," मी म्हणाले. छानच झालं होतं... पण आधीच नीट असलेली पुस्तकांची चवड मी पुन्हा नीट केली.

त्यानं ती प्रत टेबलावर ठेवली. "आता तिला मांडीवर घेऊनच वाचेन. एका पुस्तकात भागेल."

"हो. इथं उपयोगी पडेल ही."

"इथं नको. घरी न्या."

"घरी कोणाला वाचून दाखवू?"

"तुम्हाला वाचायला कोण सांगतंय?" तो पुस्तकाकडेच बघत होता. "लांबून वाचायचं, तर एक प्रत वाचणाऱ्याकडे हवी... एक ऐकणाऱ्याकडे."

मी चिठ्ठीवर माझा फोन नंबर लिहून त्याच्यापुढे सरकवला. तो जिन्यानं गेला. लिफ्ट चालू होती.

पुस्तक माझ्या घरी रेडिओशेजारी पडून राहिलं. कामावरून आले, की मी आधी फोनकडे बघायचे, मग स्वतःवरच चिडायचे. नव्या घराच्या धांदलीत कुणाला आठवण राहते...

मग एका पावसाळी संध्याकाळी फोन वाजला.

"पुस्तक आहे का हाताशी?"

मी रेडिओ बंद केला. "आहे."

"लेक आत्ताच झोपली. मांडीवरच... म्हणून हळू वाचतो."

तो वाचू लागला. हत्ती झाडाखाली आला, त्यानं सोंड गुंडाळली, तो झोपला. शेजारच्या छपरावर पाऊस टपटपत होता. किती वर्षांनी कुणी माझ्यासाठी वाचत होतं.

"पान उलटा," तो म्हणाला.

मी उलटलं नाही.

"उलटलं?"

"नाही."

"का हो? चुकलं का काही?"

मी पानावर हात ठेवला.

"पुन्हा," मी म्हणाले.