रिकाम्या पिंजऱ्याला आवतण

सेलूच्या बाजारात विकून उरलेली कोबी घरी आणली की माझी बायको सरिता तोंड वाकडं करायची. म्हणून २००३ च्या हिवाळ्यात मी ती हिंगणीच्या पुढे नेऊन टाकू लागलो. तिथे जंगलाच्या कडेला सर्कशींतून सोडवलेले परदेशी प्राणी ठेवले होते. मनात म्हणायचो, तेवढंच फुकटचं पुण्य.

त्या रविवारी दुपारी पोरगी हट्टाने सोबत आली. रुचिका, सहा वर्षांची. तिला सिंह पाहायचा होता. पण म्हाताऱ्या सिंहाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ शेवटच्या पिंजऱ्याशी गेली.

तो रिकामा होता. आत नुसतं गवत, आणि ओल्या केसांचा कुबट वास. दाराला मात्र नवंकोरं कुलूप.

"राणीचा पिंजरा," चारापाणी करणारा नत्थू हळूच म्हणाला. "चिंपांझी होती, भाऊ. सर्कसवाल्यायनं तिचं पिल्लू हिसकलं अन् हातात बाहुली देल्ली. सोमवारी मेली. मीच गाडली."

"मंग कुलूप काऊन?"

"अजून पिल्लूच शोधून राह्यली थे..."

मला त्याचा रागच आला. भरदुपारी असलं बोलतो! तिकडे रुचिका गजांना कपाळ टेकवून कुजबुजत होती.

"कोनाशी बोलून राह्यली वं?"

"मावशीशी."

मी हसलो.

निघताना ती मागे वळली आणि आमच्याकडे निरोप घेताना प्रत्येकाला म्हणतात तसं म्हणाली, "मावशी, आमच्या घरी येजो वं."

नत्थूने माझं मनगट धरलं. "भाऊ, पोरीले सांगा... नको येऊ म्हना. आत्ताच. कोनी बोलावलं नोयतं म्हनून थे इथंच होती..."

मी पोरीला गदागदा हलवलं. "म्हन! नको येऊ म्हन!"

तिचे डोळे भरले. "पाव्हन्याले असं म्हनत नाई ना, बाबा. तुमीच तं सांगतलं."

शेवटी मीच पिंजऱ्याकडे पाहून ओरडलो. वारा नव्हता. गवताचं पातंही हललं नाही. कुलूप तेवढं हलत होतं.

रुचिकाला मी पुढे, मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं. कोबीचं पोतं रिकामं झालं होतं, तरी गाडी घरापर्यंत मागून जड वाटत राहिली. मी एकदाही वळून पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

दिवेलागणीला सरिता पोरीची वेणी सोडून उवा पाहायला बसली. दोनदा फणी फिरवली आणि थांबली.

"अवो, हिचं डोकं कोनं पाह्यलं? काल भरलं होतं. आज एक लीखबी नाई..."

सरिताने पोरीला मांडीवर ओढलं. रुचिका अंग चोरून दूर सरकली.

"आई, तू नको हात लावू," ती अगदी समजुतीने म्हणाली. "तिले आवडत नाई."