केसरीनाथ सरांची शिट्टी

रविवारी दुपारी वळ गावातल्या एका रिकाम्या गोदामात मुलींच्या बास्केटबॉलची फायनल होती आणि पंच होतो मी. गळ्यात शिट्टी केसरीनाथ सरांची. तीन वर्षांपूर्वी अशाच फायनलमध्ये पंच असताना त्यांचा गुडघा धरला आणि छातीवर हातांची फुली करून त्यांनी मला आत बोलावलं. ती बदलीची खूण. त्याआधी त्यांनी दिघाशी गावच्या संघाची एक बास्केट नाकारली होती, आणि त्या मुली एका पॉइंटने हरल्या. पुढे आजारपणात, अगदी जाईपर्यंत, त्यांच्या तोंडी तेच असायचं.

"ती बास्केट व्हती रं, प्रितेश. परत बघाया मिलालं असतं तं..."

यंदा गोदामाचा कॅमेरा होता, परत बघायची मुभा होती. मला त्याचा रागच. पूर्वी शिट्टी वाजली की वाद मिटायचा, आता सगळे टीव्हीकडे धावतात.

शेवटच्या क्षणी दिघाशीच्या नेत्राने चेंडू टाकला, भोंगा वाजला, चेंडू जाळीतून खाली आला. मला वाटलं, उशीर झाला. बास्केट रद्द. दिघाशी पुन्हा एका पॉइंटने मागे.

"सर, एकदा बघा ना," नेत्रा म्हणाली.

गोदामाच्या मनोजने चित्रण मागे नेलं. मला गुडघ्याला चोळायच्या बामाचा वास आला.

पडद्यावर नेत्रा उडाली. तिच्यामागे मी. आणि माझ्यामागे...

"मनोज, माझ्या मागं कोण हाय?"

"कोन न्हाय सर... तुमी एकलंच हाव."

पंचाच्या करड्या शर्टातले केसरीनाथ सर होते. त्यांनी हात उंच केला आणि झटक्यात खाली आणला. बास्केट मान्य. मी पडद्यावरच्या घड्याळाकडे बघितलं. चेंडू हातातून सुटला होता आणि एक सेकंद शिल्लक होता.

मी बास्केट दिली. पोरींनी गोदाम डोक्यावर घेतलं. नेत्राची आई सीताबाई चपला घालून कोर्टाच्या मधोमध नाचली, आणि मी तिला अडवलं नाही. मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही. "सर, दिली बरं का," मी पुटपुटलो.

संध्याकाळी मनोजने सगळं चित्रण फोनवर पाठवलं. मी हसत हसत शेवटपर्यंत बघितलं. नाचणाऱ्या पोरींमध्ये सर उभे आहेत, थेट कॅमेऱ्याकडे बघत. खुशीत आहेत. छातीवर हातांची फुली आहे.

मी कुठे पडलो नाही, धडपडलो नाही. तरी तेव्हापासून माझा उजवा गुडघा दुखतोय.