सात उतरले, आठ वर आले

आमच्या चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती. कोणीतरी इतिहास लिहायला हवा असं कमिटीत निघालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला, आता निवृत्त. तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. मीही फार आढेवेढे घेतले नाहीत. आमचा इतिहास तो केवढा! साठेक घरं, एक लांबट इमारत आणि कधीच सुरात न लागलेला ऑर्गन.

आमच्यात तान्ह्या बाळावर पाणी शिंपडत नाहीत. मूल जाणतं झालं, त्यानं स्वतः मागितलं, की पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद आहे. उजवीकडच्या पाच पायऱ्या उतरायच्या. पाळक पाण्याखाली घेऊन वर काढतात, मग डावीकडच्या पायऱ्या चढून पडद्याआड जायचं. उजवीकडे एकजण उतरणाऱ्यांना मोजतो. डावीकडे एकजण वर आलेल्याला टॉवेल देतो आणि नाव लिहून घेतो. दोघांच्याही चिठ्ठ्या नोंदवहीत चिकटवतात.

सत्तर वर्षं तो हौद बंद होता, बाप्तिस्मे नदीवर व्हायचे. शताब्दीच्या निमित्तानं नव्या पाळकांनी फळ्या काढल्या आणि पहिला बाप्तिस्मा माझ्या लेकीचा ठरला.

हौद बंद का केला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून शुक्रवारी दुपारी मी जुनी नोंदवही घेऊन चर्चमध्येच बसलो. खिडक्या लावलेल्या होत्या. हौद भरून ठेवला होता आणि ओल्या चुन्याचा, कुजक्या लाकडाचा वास सगळीकडे साचला होता. शेवटच्या पानावर दोन चिठ्ठ्या होत्या. उजवीकडची म्हणत होती, उतरले सात. डावीकडच्या चिठ्ठीत नावं होती आठ. चूक सापडली की मला अजूनही बरं वाटतं.

त्या आठांपैकी एकच व्यक्ती हयात होती. मंडळीत सगळे त्यांना टॉवेलआत्या म्हणतात, कारण तेव्हापासून टॉवेलांचं काम त्यांच्याकडेच आहे. वय शहाऐंशी. चर्चमागच्या खोलीत राहतात. त्या वेळी पुढच्याच बाकावर बसून घड्या घालत होत्या.

"आत्या, त्या दिवशी तुम्ही किती जण होता?"

"आठ."

"इथे उतरले सात असं लिहिलंय."

त्यांचा हात थांबला नाही. "टॉवेलही सातच आणले होते. एकाला पाळकांचा कोट दिला... थंडी होती."

"मग आठवा कोण?"

"कोणी विचारलंच नाही. प्रत्येकाला घर होतं, आई होती. आईनं हाक मारली, जो तो आपापल्या घरी गेला."

"म्हणजे त्या सातांपैकी कोणालाही..."

"आठांपैकी," त्यांनी दुरुस्ती केली.

माझा आवाज आपोआप खाली आला. "आत्या... तुम्ही तर नाही ना?"

"मला तरी कसं कळणार रे? मला माझं लहानपण सगळं आठवतं. बाकीच्यांनाही त्यांचं त्यांचं आठवायचं."

हौदात पाणी हललं. नळ तर कधीच बंद केला होता.

"नंतर नदीवर न्यायला लागले," आत्या म्हणाल्या. "वाहतं पाणी बरं."

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? घरी येऊन म्हटलं, आपण नदीवरच करू. बायको म्हणाली, "सगळ्यांना सांगून झालंय. आता म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यावरून काय हात वर करायचे?" लेक हसली. "बाबा, मी उजवीकडून उतरेन, डावीकडून वर येईन. हवं तर तुम्हीच मोजा."

म्हणून रविवारी सकाळी उजव्या पायऱ्यांपाशी मी उभा राहिलो. लेक पांढऱ्या झग्यात उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. पाळकांनी शब्द उच्चारले आणि तिला खाली घेतलं. जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं. मग ती वर आली, खोकली, हसली आणि डावीकडून पडद्याआड गेली. चिठ्ठीवर मी लिहिलं, एक. माझा जीव भांड्यात पडला.

मी पडद्यामागे गेलो. आत्यांनी मोठीला टॉवेलात गुंडाळून बसवलं होतं आणि दुसऱ्या टॉवेलानं त्या धाकटीचे केस पुसत होत्या. धाकटी कुडकुडत होती. "बाबा, केवढं गार पाणी!" मी दोघींना जवळ घेतलं. मला काहीच वावगं वाटलं नाही. का वाटावं? मला दोन मुली आहेत. धाकटीच्या वेळी बायको तीन दिवस अडली होती आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. सगळं लख्ख आठवतं.

सोमवारी प्रकरण पुरं करायला मी माझी वही उघडली. शनिवारी संध्याकाळी लिहिलेलं वाक्य त्यात होतं. अक्षर माझंच. 'उद्या माझ्या एकुलत्या एका लेकीचा बाप्तिस्मा. देवा, जशी उतरेल तशीच ती वर येऊ दे.' आतापर्यंत मी 'लेक' असं म्हणत आलो ते या वहीवरून. माझ्या आठवणीत त्या दोघी आहेत.

इतिहास छापून झाला. त्यात त्या दिवशीचे बाप्तिस्मे दोन आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच मी जाणूनबुजून चूक राहू दिली आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. दोघींवर माझा सारखाच जीव आहे. जेवताना दोघी समोर बसतात, भांडतात, माझ्या ताटातलं उचलतात. कोणती आपली, हे मी पाहायचं सोडून दिलं आहे.

पण ती वही मी कुलपात ठेवतो. त्या वाक्याखाली मी लेकीचं वयही लिहिलेलं आहे. सोळा.

मोठी अठराची आहे, धाकटी चौदाची. सोळा वर्षांचं आमच्या घरात कोणीच नाही.