लुआलाबाकाठची फुली

मधून कुणी उठायचं नाही, आधीच सांगतो. घिवलीचा दिनानाथ आमच्याच आळीतला. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा. सांगणार नाही, तो भाग वेगळा.

१९८४ सालची पौष अमावस्या, बुधवार. दिनानाथची पोर चिमी, नुकती बोलायला लागलेली, तापाने फणफणली होती. अंधार पडता पडता तो औषधासाठी सायकलवरून बोईसरला निघाला.

दिवाळीनंतरच तो आफ्रिकेतून परतला होता. झैर देशात शाबा म्हणून प्रांत आहे, पूर्वीचा कटांगा. लाल माती आणि तिच्या पोटात तांबंच तांबं. तिथल्या खाणीत हा फिटर. लुआलाबा नदीकाठी पंप बसवायला खड्डा खणला, तर तांब्याची एक फुली निघाली, तळहाताएवढी. जुन्या काळी तिथे नाण्यांच्या जागी अशा फुल्या चालत. बरोबरचा म्हातारा मजूर तिथल्या लुबा लोकांतला. तो म्हणाला, ही मेलेल्याच्या छातीवर ठेवलेली आहे, परत ठेव. दिनानाथने मान डोलावली आणि फुली खिशात घातली.

घरी आईला, म्हणजे माईला, तो काहीच बोलला नाही. माईच्या लेखी तांबं म्हणजे शुद्धच. तिने फुली जुन्या भांड्यांबरोबर मोडीत घातली आणि पालघरच्या तांबटाकडून ते सगळं वितळवून देवासाठी तांब्या करून घेतला. रोज त्यातलं तीर्थ पहिलं चिमीच्या तोंडात पडायचं.

औषध घेऊन परतताना पास्थळ मागे पडलं आणि पुढे रस्त्यात कुणीतरी दिसलं. उंच. उघडं. हात छातीवर दाबलेला. दिनानाथने घंटी वाजवली.

पुढचा तो उंच माणूस थांबला. वळला.

खाणीतल्या मजुरांच्या भाषेत त्याने विचारलं, माझी फुली कुठे आहे?

दिनानाथला ती भाषा येत होती. न येती तर बरं झालं असतं. पण तोंडून आपलीच बोली निघाली.

"नाय रं बाबा... मोडली. आयनं मोडली..."

...

"तांब्या हाय, तो आणून देतो. पोर आजारी हाय माजी..."

...

त्याने छातीवरचा हात काढला. घिवलीकडे दाखवला. मग रस्ता मोकळा होता.

दिनानाथने जीव खाऊन सायकल मारली. घरी बायको, मंदा, पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ताप उतरला, म्हणाली.

उतरलाच होता. अंग गार. मंदाला कळलं नव्हतं... किंवा कळून घ्यायचं नव्हतं. औषधाची बाटली दिनानाथच्या हातातच राहिली. बापाने करावं तरी काय?

सकाळी न्हाऊ घालताना चिमीच्या छातीवर फुली दिसली. तळहाताएवढी, तांब्यावर चढतो तसल्या हिरव्या गंजाची. माईने चिंचेने चोळली. मग राखेने. शेवटी मंदाने तिचा हात धरला.

एवढ्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. चिमीलाही पुरलं. छातीवर फुली तशीच होती.