दोनशे साठ ग्रॅम

"ही तुमची तिसरी."

सिग्नलला मी एक पाय टेकून उभी होते. शेजारी येऊन थांबलेल्या सायकलवाल्याने माझी निळी बाटली पुढे केली. मी मागे हात घालून चाचपलं... सीटमागचा बॉटल केज रिकामा होता.

"तिसरी म्हणजे?"

"पहिल्या दोन बाटल्या दुकानात ठेवल्यात. पुलाच्या जोडावर तुमची सायकल आदळते आणि बाटली उडते. तुम्ही वळून बघतच नाही."

"वळून बघायला वेळ कुणाला आहे?"

"मग पाणी पुढे घ्या, दोन हातांच्या मध्ये. चौकातलं सायकलचं दुकान, तिथे या." सिग्नल सुटला आणि तोही गेला.

मला वेळ नव्हता हे खरंच होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशी ट्रायथलॉन मला यंदा काहीही करून पूर्ण करायची होती. गेल्या वर्षी दोन्ही बाटल्या वाटेत उडाल्या, पाण्याविना पोटऱ्यांत गोळे आले आणि धावायला सुरुवात करताच मी रस्त्यात बसले. घरचे काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दुकानात त्याला सगळे 'ग्रॅम' म्हणायचे. तो मेकॅनिक. सायकलवर चढणारी प्रत्येक वस्तू तो आधी छोट्या काट्यावर ठेवायचा. माझं हेल्मेटसुद्धा सोडलं नाही, दोनशे साठ भरलं. माझी सीटमागची पिशवी त्याने टेबलावर उलटी केली.

"हा पाना कशासाठी?"

"घरात होता."

"घरातच राहू दे. एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हवेचं एक नळकांडं. बास."

मग त्याने हँडलवरच्या दोन दांड्यांच्या मध्ये नळीची बाटली बसवली. मला सायकलवर पुढे वाकून कोपरं टेकायला लावली. "मान वर. समोर बघा." समोर तोच उभा होता. "नळी तोंडापाशी येते?"

येत होती बहुतेक... त्याने काय विचारलं तेच मी क्षणभर विसरले होते.

"दर पंधरा मिनिटांनी एक घोट," तो हळूच म्हणाला. "तहान लागायची वाट बघायची नाही."

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांचं कसलंही अक्षर मला लागतं, पण हा माणूस काही लागेना. आठवड्यातून तीनदा तो काउंटरवर यायचा आणि एकच चिकटपट्टी मागायचा.

"कुठे लागलंय?"

"अजून नाही. लागलं तर असावी."

"मग दहाची पट्टीच घ्या ना."

"नको... वजन होतं."

ताईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अगं, हे प्रेम आहे की गिऱ्हाइकाची सेवा?" मला कुठे माहीत होतं? झोपताना वाटायचं, नक्कीच काहीतरी आहे. सकाळी वाटायचं, तो सगळ्यांनाच 'मान वर' म्हणत असेल. मग त्या सगळ्यांचा मला राग यायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी भावोजींनी त्यांची खास चाकं उसनी दिली. उंच काठाची, देखणी. ती बसवायला मी दुकानात गेले. ग्रॅमने चाकं बसवली, पिशवी उघडून बघितली आणि ती घेऊन आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"पिशवी नीट बांधलीय. उगाच उघडू नका."

"काय केलंत?"

"काही नाही. उद्या भेटू." तोही स्पर्धेत होता. पण 'उद्या भेटू' हे असं जमिनीकडे बघून कोण म्हणतं?

माझं पोहणं बरं, त्यामुळे सायकलवर मी त्याच्या आधी बसले. अर्ध्या वाटेवर तो मला ओलांडून गेला. एक शब्द बोलला नाही. मी घोट घेतला आणि म्हटलं, संपलं, गिऱ्हाइकाची सेवाच होती ती.

दोन वळणांनंतर तो रस्त्याच्या कडेला उभा दिसला. मागचं चाक हातात, टायर सपाट.

"थांबू नका. पुढे जा," तो म्हणाला.

मी थांबले. त्याच्या हातातल्या ट्यूबकडे बघितलं. तिच्यावर माझ्या दुकानाचं लेबल होतं. तारीख लिहून मीच ते चिकटवलं होतं, सवय आहे मला.

"माझी ट्यूब तुमच्याकडे कशी?"

मी माझी पिशवी उघडली. आतल्या ट्यूबवर पांढऱ्या शाईत त्याचं बारीक अक्षर होतं.

"तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आखूड," तो शेवटी म्हणाला. "भावोजींच्या चाकांच्या उंच काठातून बाहेरच आला नसता. हवा भरणार कुठून? लांब व्हॉल्व्हची दुकानात एकच उरली होती... माझी."

"तुमची चाकंही उंचच आहेत."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"घेतली नसतीत तुम्ही. आणि मला पंक्चर होत नाही. मी रस्ता बघून चालवतो."

"मग आज काय झालं?"

त्याने चाक उगाचच फिरवलं. "आज मागे बघत होतो. तुमची बाटली... आहे का ते."

"बाटली पुढे आहे. तुम्हीच बसवलीत."

"माहितीये."

मी ट्यूब त्याच्या हातावर ठेवली. एका स्पर्धकाने दुसऱ्याला ट्यूब देणं नियमात बसतं.

"आणि तुमचं पंक्चर झालं तर?" त्याने विचारलं. "यंदा पूर्ण करायचीय ना?"

"मी रस्ता बघून चालवीन," म्हटलं आणि निघाले.

उरलेले पंधरा किलोमीटर मी काय बघितलं ते विचारू नका. प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत. पिशवीत ट्यूब नाही, आणि डोक्यात एकच वाक्य. माहितीये म्हणजे काय माहितीये?

सायकल स्टँडला लावली, बूट बदलले, पळत सुटले. लोक माझ्याकडे बघून हसत होते. वाटलं, सगळं चेहऱ्यावर उमटलंय की काय. आणखी जोरात पळाले. दुसऱ्या किलोमीटरला मागून ओळखीची पावलं आली. धापा टाकत तो बरोबरीला आला.

"हेल्मेट," तो म्हणाला.

मी डोक्याला हात लावला. हेल्मेट घालून मी दोन किलोमीटर पळाले होते. रडू की हसू, तेच कळेना.

"दे इकडे."

"नको. दोनशे साठ ग्रॅम आहे. तूच तर वजन केलंस."

"माहितीये," तो म्हणाला आणि त्याने माझ्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला. सायकलवर जास्तीचा पाना चढू न देणारा तो माणूस माझं हेल्मेट हातात धरून माझ्या चालीने पळू लागला.

"पाणी प्यायलीस?" त्याने विचारलं.

"विसरले."

"मी समोर नव्हतो म्हणून?"

"हो," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटची रेषा आम्ही एकदमच ओलांडली. हेल्मेट तोवर त्याच्याच हातात होतं.