वाळुंजाच्या रानातला सोबती

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. कारभारीमामानं जसं सांगितलं, तसंच सांगतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद सरत आला होता. मामा मूळचा शिरपूरकडचा. सिल्वासात सुताच्या कारखान्यात मशीनवर होता आणि तिथल्याच आमली भागातल्या एका खोलीत एकटाच राहायचा. मामी जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा सुरतेला, त्याचा फोन सणासुदीलाच.

रविवारी मामा सायकलला गळ बांधून दमणगंगेवर जायचा. काठाच्या सखल जागेत वाळुंजाच्या, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या झाडांचं दाट रान आहे. धरणातून पाणी सोडलं की नदी त्या रानात शिरते आणि झाडं महिना-महिना पाण्यातच उभी राहतात.

आत वारा नाही. पाखरू नाही. नुसतं काळं पाणी आणि बुडालेले बुंधे.

त्या दुपारी चारच्या सुमाराला मामाला तिथं एक माणूस दिसला...

पन्नासेक पावलांवर, कमरेइतक्या पाण्यात उभा. अंगात फिकट सदरा. हातात ना गळ, ना जाळं.

मामानं हात केला. त्यानंही केला.

पुढच्या रविवारी तो तिथंच होता. त्याच्या पुढच्याही. मग मामा काठावरून त्याच्याशी बोलू लागला. कारखान्याचं, मामीच्या आजारपणाचं, मुलाचं. तो नुसता मान हलवायचा. परतताना मामाला हलकं वाटायचं. इतकं ऐकून घेणारं दुसरं होतंच कोण?

एकच गोष्ट खटकायची...

तो हलला तरी पाणी वाजायचं नाही.

नवरात्र संपलं. पाऊस थांबला. पाणी दर आठवड्याला हात-हात ओसरू लागलं. बुंध्यांवर गाळाच्या रेघा उघड्या पडल्या.

तो मात्र कमरेपर्यंतच दिसत होता...

तिथं खोलगट असेल, अशी मामानं मनाची समजूत घातली.

दिवाळीआधीच्या रविवारी मामा पोचला, तेव्हा रान पार कोरडं पडलं होतं. गाळाला भेगा गेलेल्या. मामानं सायकल लावली आणि मान वर केली...

तो तिथंच होता.

कमरेपर्यंत. कोरड्या जमिनीत.

भोवतालची माती जराही उकरलेली नव्हती. चांगलं ऊन होतं. लांब रस्त्यावर ट्रक वाजत होते. आणि तो पहिल्यांदाच बोलला. अगदी घरच्या माणसासारखा.

"आता पाणी नाही, भाऊ. आज जवळ येऊन बस ना."

मामा पळाला नाही.

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी गेलो रे," म्हणाला. "चार पावलं गेलो."

पाचव्या पावलाला ती भेगाळलेली जमीन लोण्यासारखी खचली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तेव्हा कुठं भान आलं. बुंध्याला धरून मामानं पाय उपसला. चप्पल आतच राहिली.

वर पाहिलं, तर समोर कुणीच नव्हतं.

तिथं शेळ्या चारणाऱ्या मंजुळाबाईला मामानं नंतर विचारलं. त्या रानात कुणी बुडाल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. आणि जमीन तर म्हणे दगडासारखी घट्ट, पाणी ओसरल्यापासून तिच्या शेळ्या रोज तिथूनच जातात.

मामानं खोली बदलली. आमली सोडून सामरवरणीला राहायला गेला. रविवारी ओव्हरटाइम घेऊ लागला. भीती वाटते का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "भीती नाही. पण मी येणार नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं त्याला."

या महिन्यापासून त्यानं रविवारचा ओव्हरटाइम बंद केलाय.

कारण विचारलं, तर फोनवर म्हणाला, "त्याला सांगायचं राहिलंय ना..."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्याला फोन करतो. तो उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.